वाखाचा माग

हार्डवेअरच्या दुकानात पिवळट, खरबरीत दोरीला ‘सिसल’ म्हणतात. हे झाडाचं नाव नव्हे, बंदराचं. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात, मेरिदा शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर सिसल नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथून वाखाचे गठ्ठे जहाजांत चढत, आणि गावाचं नाव मालाला चिकटलं. पैठणी नेसणाऱ्या बाईने पैठण पाहिलेलं असतंच असं नाही, तसंच हे.

झाड मात्र आपल्या ओळखीचं. बांधावरचं घायपात, मराठवाड्यातलं केकताड. पानं कुजवायची, बडवायची, वाख काढून पीळ द्यायचा की दावं तयार, कासरा तयार. पण हे कूळ मुळात अमेरिका खंडातलं. युकातानमधल्या त्याच्या भाईबंदाला स्पॅनिशमध्ये एनेकेन म्हणतात, माया भाषेत नुसतं ‘की’. जमीन सगळी चुनखडीची, वर मातीचा पातळ थर. पाऊस पडला की खाली झिरपतो, त्यामुळे उत्तर युकातानात वाहती नदीच नाही. मका तिथे कसाबसा येतो. घायपाताला तेवढं पुरतं.

मेरिदाहून दक्षिणेला ऐंशी किलोमीटरवर उश्माल या माया नगराचे अवशेष आहेत. तिथल्या ‘राज्यपालाच्या वाड्या’चा दर्शनी भाग हजारो घडीव दगड एकमेकांत बसवून सजवलेला. हे सगळं उभं राहिलं तेव्हा मायांकडे बैल नव्हते, घोडे नव्हते, गाडा नव्हता. माणसाची पाठ आणि दोर, एवढंच. दोर कुजून गेले, म्हणून वास्तूंच्या वर्णनांत ते येत नाहीत. पण अशा इमारतींच्या दारातून आत जाऊन मागे वळून पाहावं. चौकटीच्या आतल्या अंगाला दगडी कड्या किंवा खाचा दिसतात. पडदा बांधायची दोरी तिथे अडकवत असत. माझ्या मते अख्ख्या नक्षीहून ती खाच जास्त बोलकी आहे.

1542 मध्ये स्पॅनिशांनी मेरिदा वसवलं ते त’हो या माया नगराच्या जागेवर, त्याच्याच मनोऱ्यांचे दगड काढून. पण पुढची तीनशे वर्षं दोराला फारसा भाव नव्हता. तो आला अमेरिकेतल्या गव्हामुळे. कापणी यंत्र पेंढ्या आधी तारेने बांधायचं. तारेचे तुकडे वैरणीत जाऊन जनावरं दगावू लागली. 1878 च्या सुमारास जॉन अॅपलबी याने सुतळीची गाठ मारणारं यंत्र बनवलं आणि स्वस्त, चिवट सुतळीची मागणी एकदम भडकली. पान खरवडायची यंत्रं युकातानमध्ये त्याआधीच चालू झाली होती. मेरिदात पैसा मावेना. पासेओ दे मोन्तेखो हा रुंद रस्ता आणि त्याच्या दुतर्फाच्या फ्रेंच धाटणीच्या हवेल्या त्याच कमाईतून उभ्या राहिल्या. त्यातल्या पालासियो कान्तोनमध्ये आता माया पुरावस्तूंचं संग्रहालय आहे.

पानं कापत कोण होतं? मायाच. लग्नासाठी मालकाकडून उचल घेतली की ती ‘नोहोच क्वेंता’त, म्हणजे मोठ्या खात्यात पडे, आणि सहसा फिटत नसे. आपल्याकडच्या सालगड्याला हे निराळं समजावून सांगावं लागणार नाही. माणसं कमी पडली तेव्हा उत्तरेतून याकी लोकांना हद्दपार करून आणलं. 1905 मध्ये कोरियातून हजारभर मजूर आले. मेक्सिकोतल्या क्रांतीच्या काळात, 1914-15 मध्ये, ही कर्जाची वेठ कायद्याने मोडली.

हे सगळं एका नजरेत पाहायचं तर मेरिदाच्या पूर्वेला आके गाठावं. एकीकडे रुंद दगडी पायऱ्यांचा माया चौथरा, माथ्यावर एकावर एक ठोकळे रचलेल्या खांबांच्या ओळी. समोरच वाखाचा कारखाना. त्याच्या भिंतींत त्याच अवशेषांचे दगड आहेत. इथून इसामालकडे मायांचा पांढरा रस्ता जात असे. पुढे मळ्यांतून पानं वाहायला खेचरांनी ओढायचे छोटे रूळ आले.

वाखातली युकातानची मक्तेदारी फुटली ती रोपांमुळे. 1893 मध्ये रिचर्ड हिंडॉर्फ या जर्मन माणसाने फ्लोरिडातून, हॅम्बुर्गमार्गे, घायपाताची हजार रोपं पूर्व आफ्रिकेत मागवली. वाटेत बहुतेक मेली. 62 जगली. त्यांच्या पिलांपासून तिथल्या टांगानिकात मैलोन्‌मैल मळे झाले, आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तो देश या वाखाच्या उत्पादनात जगात पहिला होता. सिसल बंदराचा धंदा तोवर कधीच पूर्वेकडच्या प्रोग्रेसोला गेला होता. आज त्या गावात मासेमारीच्या होड्या लागतात. टांगानिकाच्या गठ्ठ्यांतला माल मात्र ‘सिसल’ म्हणूनच विकला गेला.