शेअर केलेली डिझाइन फाइल सिंक होत नाहीये? आधी हे करा, आणि हे तर अजिबात करू नका

गणपती जवळ आले की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच प्रकारचे स्क्रीनशॉट यायला लागतात. ड्राइव्हच्या आयकॉनवर लाल उद्गारचिन्ह आणि खाली मेसेज, ‘दादा, फाइल सिंकच होत नाहीये, सकाळी फ्लेक्स छापायला द्यायचाय, काय करू?’ मंडळाचा बॅनर असो, गॅदरिंगचं पोस्टर असो नाहीतर कुणाच्या बहिणीची लग्नपत्रिका, मांडणी साधारण सारखीच असते. एकाकडे फोटोशॉपवाला लॅपटॉप, दुसऱ्याकडे कोरलड्रॉ असलेला जुना पीसी, बाकीच्या चौघांकडे फोन, आणि सगळ्यांच्या मधे एक शेअर केलेला फोल्डर.

असे बरेच स्क्रीनशॉट पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. सिंक एररमुळे काम फारसं जात नाही. काम जातं ते एरर घालवायच्या घाईत. म्हणून कारणं शोधायच्या आधी थोडं थांबूया.

पहिलं काम: फाइल फोल्डरच्या बाहेर कॉपी करा

ज्या मशीनवर शेवटचं काम झालंय, त्या मशीनवरून ती फाइल सिंक फोल्डरच्या बाहेर कॉपी करा. डेस्कटॉपवर, पेन ड्राइव्हवर, कुठेही चालेल. कट नाही, कॉपी. नावात काहीतरी खूण टाका, उदाहरणार्थ ‘बॅनर-अमोलचा-लॅपटॉप’. दुसऱ्या कुणाच्या मशीनवरही ती फाइल उघडलेली असेल, तर त्यालाही हेच करायला सांगा.

ही कॉपी हातात येईपर्यंत चार गोष्टी करायच्या नाहीत: अकाउंट साइन आउट किंवा डिस्कनेक्ट करणं, ॲप अनइन्स्टॉल करणं, ॲपचा डेटा क्लिअर करणं, आणि फाइल डिलीट करून परत अपलोड करणं. यूट्यूबवरच्या अर्ध्या व्हिडिओंमध्ये नेमके हेच उपाय सांगितलेले असतात! पण तुम्ही सेव्ह केलेली फाइल अजून वर गेलीच नसेल, तर ती जगात एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे तुमच्या मशीनवर. आणि ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप जर स्ट्रीम मोडवर असेल, तर ती तुमच्या नेहमीच्या फोल्डरमध्येही नसते, ॲपच्या स्वतःच्या कॅशमध्ये असते. ॲपचा डेटा पुसला की तीही पुसली.

ही भीती हवेतली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ड्राइव्ह फॉर डेस्कटॉपच्या ८४ नंबरच्या व्हर्जनमध्ये बिघाड झाला होता आणि काही लोकांच्या सिंक न झालेल्या फाइल्स दिसेनाशा झाल्या. तेव्हा खुद्द गुगलनेच सांगितलं होतं, की ‘डिस्कनेक्ट अकाउंट’वर क्लिक करू नका आणि ॲपचा डेटा फोल्डर हलवू किंवा डिलीट करू नका. पुढे डिसेंबरमध्ये त्यांनी त्या फाइल्स परत मिळवण्याची सोय दिली. ज्यांनी घाईत सगळं साफ केलं नव्हतं, त्यांना तिचा उपयोग होण्याची शक्यता जास्त होती.

सिंक म्हणजे ‘एकत्र काम’ नव्हे

गोंधळाचं मूळ इथे आहे. गुगल डॉक्समध्ये तीन जण एकाच वेळी टाइप करतात आणि काही बिघडत नाही. फिग्मा आणि कॅनव्हाचंही तसंच. तिथे प्रत्येक छोटा बदल वेगळा सर्व्हरवर जातो आणि तिथे जोडला जातो. फोटोशॉप किंवा कोरलच्या फाइलचं तसं नसतं. ड्राइव्हच्या दृष्टीने ती एक बंद पेटी. आत कोणता लेयर हलला, कुणाचं नाव बदललं, हे त्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की पेटी बदलली.

आता जरा हिशोब करू. फाइल ८०० एमबीची आहे आणि मोबाइल हॉटस्पॉटवर अपलोडचा वेग ५ एमबीपीएस मिळतोय. ८०० एमबी म्हणजे ६,४०० मेगाबिट, म्हणजे १,२८० सेकंद, म्हणजे २१ मिनिटांच्या वर. तुम्ही कंट्रोल-एस दाबून ‘झालं रे’ असा मेसेज टाकता, पण अख्खी फाइल वर जात असेल, तर पुढची २१ मिनिटं मित्राला जुनीच फाइल दिसत असते. तो ती उघडतो, त्यात बदल करतो, सेव्ह करतो. आता दोन पेट्या झाल्या, दोन्ही अर्धवट खऱ्या. (ड्रॉपबॉक्स फाइलचे ४ एमबीचे तुकडे करून फक्त बदललेले तुकडे पाठवतो, त्यामुळे तिथे वेळ वाचू शकतो. पण दोन पेट्यांचा प्रश्न तिथेही सुटत नाही.)

गेल्या वर्षी एका मंडळाच्या पोरांची फाइल मी बघितली. एकाने रात्री देणगीदारांच्या यादीत अकरा नावं वाढवली होती, दुसऱ्याने त्याच वेळी जुन्या प्रतीवर रंग आणि फोटो बदलले. छापायला गेली ती दुसऱ्याची फाइल. फ्लेक्स चौकात लागला आणि अकरा घरं नाराज! ‘तू माझं काम उडवलंस’ यावरून दोघं आठवडाभर बोलत नव्हते. खरं तर कुणी काही उडवलं नव्हतं. पहिल्याची फाइल त्याच फोल्डरमध्ये होती, फक्त वेगळ्या नावाने.

हे वेगळं नाव ओळखता आलं पाहिजे. ड्रॉपबॉक्समध्ये अशी टक्कर झाली की दुसरी प्रत ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ या नावाने, माणसाच्या नावासकट आणि तारखेसकट, बाजूला ठेवली जाते. वनड्राइव्ह फाइलच्या नावापुढे कॉम्प्युटरचं नाव जोडतो. गुगल ड्राइव्हची तऱ्हा जरा वेगळी. तिथे एका फोल्डरमध्ये अगदी एकाच नावाच्या दोन फाइल्स राहू शकतात आणि कॉम्प्युटरवर त्यातली एक कंसातल्या १ सकट दिसते. अशी प्रत दिसली की ‘कचरा आहे’ म्हणून डिलीट करू नका. कुणाची तरी रात्र असते ती.

मग खरी फाइल कोणती? फक्त तारखेवर जाऊ नका. उशिरा सेव्ह झालेली फाइल जुन्या प्रतीवरून बनलेली असू शकते, वरच्या मंडळात तेच झालं. दोन्ही उघडा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्यात जास्त काम झालंय ती पाया म्हणून घ्या आणि दुसरीतले बदल तिच्यात आणा. फोटोशॉपमध्ये लेयरवर राइट क्लिक करून ‘डुप्लिकेट लेयर’ निवडलं की तो लेयर दुसऱ्या उघड्या फाइलमध्ये पाठवता येतो. कोरलमध्ये सरळ कॉपी-पेस्ट. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही. हे जोडायचं काम कोणतंही क्लाउड तुमच्यासाठी करत नाही.

नवीन फाइल जुनीवर बसली असेल, तरी आशा सोडू नका. गुगल ड्राइव्हच्या वेबसाइटवर फाइलवर राइट क्लिक करून ‘मॅनेज व्हर्जन्स’ शोधा. पीएसडी, सीडीआरसारख्या फाइल्सची जुनी व्हर्जन्स तिथे ३० दिवस किंवा १०० व्हर्जन्स होईपर्यंत राहतात. महत्त्वाच्या व्हर्जनला ‘कीप फॉरएव्हर’ करून ठेवता येतं. ड्रॉपबॉक्सच्या फुकट अकाउंटमध्येही ३० दिवसांची सोय आहे, आणि वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये शेवटची २५ व्हर्जन्स मिळतात. फोनवरून शोधत बसण्यापेक्षा ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट उघडा, लवकर सापडेल.

जागा नक्की कुणाची भरलीये?

‘माझ्याकडे तर १० जीबी शिल्लक आहे, तरी स्टोरेज फुल दाखवतंय!’ हा तर रोजचा प्रश्न. गुगल ड्राइव्हमध्ये शेअर केलेल्या फाइलची जागा मालकाच्या खात्यातून जाते, आणि मालक म्हणजे फोल्डर बनवणारा नव्हे, तर ती फाइल अपलोड करणारा. त्यामुळे फोल्डर तुमचा असला तरी त्यात मित्र फाइल टाकतो तेव्हा मित्राचे १५ जीबी बघितले जातात. उलट, त्याच्या फाइलमध्ये तुम्ही बदल केलात, तरी भार त्याच्यावरच.

ड्रॉपबॉक्सचा नियम उलटा आहे. तिथे शेअर केलेला फोल्डर प्रत्येक सभासदाच्या कोट्यात मोजला जातो. फुकट अकाउंटला २ जीबीच मिळतात, म्हणजे ६ जीबीचा फोल्डर फुकटवाल्याला घेताच येणार नाही.

गुगलचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. १ जून २०२१ नंतरचे जवळपास सगळेच फोटो त्यात मोजले जातात आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपसुद्धा. त्यामुळे आधी व्हॉट्सॲपचा बॅकअप तपासा, विशेषतः व्हिडिओ चालू असतील तर. आणि ट्रॅश रिकामा करा, कारण ट्रॅशमधल्या फाइल्सही जागा खातात. मात्र त्याआधी तिथे कुणाची ‘कचरा’ समजून टाकलेली प्रत नाही ना, हे बघून घ्या.

नावात भानगड

फोनवर चालणारं नाव विंडोजवर चालेलच असं नाही. प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, तिरप्या रेघा, लहान-मोठं दाखवणारे कोन, ही चिन्हं विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालत नाहीत. ‘आरती १०:३०’ किंवा ‘फायनल?’ असं नाव कुणी फोनवरून दिलं की लॅपटॉपवाल्याची डोकेदुखी सुरू.

मराठी नावांना आणखी एक मर्यादा आहे. अँड्रॉइडमध्ये फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपला. ‘श्री गणेशोत्सव मंडळ वार्षिक अहवाल मुखपृष्ठ सुधारित अंतिम’ इतकं लिहिताना आपण त्या मर्यादेच्या अर्ध्याहून पुढे पोचतो. शिवाय विंडोजमधले बरेच प्रोग्राम अख्खा पत्ता, म्हणजे सगळे फोल्डर धरून, २६० अक्षरांच्या पुढे गेला की अडतात. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नाव छोटं करा, बहुतेक वेळा एरर लगेच जातो.

सिंक बरोबर आहे, तरी डिझाइन फुटलंय

फाइल उघडली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर सिंकला दोष देऊ नका. श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून चालतात. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. छापायच्या प्रतीत अक्षरांचे आकार करून टाका: कोरलमध्ये मजकूर निवडून कंट्रोल + क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल + शिफ्ट + ओ. पण हे कॉपीवर करा, कारण नंतर त्यातलं शुद्धलेखन टाइप करून सुधारता येत नाही.

फोटोच्या जागी रिकामी चौकट येत असेल, तर फोटो फाइलमध्ये नसून फक्त त्याचा पत्ता आहे, आणि तो पत्ता तुमच्या मशीनवरचा आहे. इलस्ट्रेटर, इनडिझाइन आणि फोटोशॉपमध्ये ‘पॅकेज’, तर कोरलमध्ये ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ वापरा. लागणाऱ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये गोळा होतात.

फक्त फोनवरच अडलंय?

ड्राइव्ह ॲपच्या सेटिंगमध्ये ‘फक्त वाय-फायवर ट्रान्सफर’ चालू आहे का बघा. मग डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर बंद करा, अपलोड होईपर्यंत स्क्रीन चालू ठेवा. फोनची तारीख चुकलेली असेल तर सुरक्षित कनेक्शनच जुळत नाही, तेव्हा तारीख ऑटोमॅटिक ठेवा. आणि एक लक्षात घ्या, ‘डाउनलोड’ करून घेतलेली फाइल ही वेगळी प्रत असते. तिच्यात केलेले बदल आपोआप फोल्डरमध्ये जात नाहीत.

माझी पद्धत अगदी गावठी आहे. ग्रुपवर ‘बॅनर माझ्याकडे’ असा मेसेज टाकल्याशिवाय कुणी फाइल उघडायची नाही. काम सिंक फोल्डरच्या बाहेरच्या प्रतीवर करायचं, संपलं की प्रत आत टाकायची, हिरवी खूण आल्यावर ‘बॅनर सोडला’ लिहायचं. खूण येण्याआधी लिहिलं तर चहा त्याच्याकडून.

आणि सकाळी नऊला छापायला द्यायचं असेल, रात्रीचे दोन वाजलेत, एरर जात नाहीये, तर सिंकचा नाद सोडा. चालू मशीनवरून पीडीएफ काढा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि छापखान्याच्या कॉम्प्युटरवर उघडून देणगीदारांची नावं एकदा मोजा.