पाच पौंडांची गोष्ट

अकोला–पूर्णा मार्ग मीटरगेज होता तेव्हा हिंगोली स्टेशनात वायडीएम-4 इंजिनं येत. सहा सिलिंडर, 1350 अश्वशक्ती, आणि त्यामागे टर्बो. 2008मध्ये ब्रॉडगेज झालं, ती गेली. आता टर्बोचं वेड मोटारींना लागलंय. साध्या पेट्रोल इंजिनावरही तो बसवून मागतात. पण डिझेलमध्ये नुसती हवा दाबली जाते. पेट्रोल इंजिनात इंधनही सोबत असतं, ते वेळेआधी भडकतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात.

बूस्ट किती द्यावा, हे ओल्डस्मोबिल 1962 साली महागात शिकली. 'जेटफायर'चं कॉम्प्रेशन 10.25:1, बूस्ट चौरस इंचाला जेमतेम पाच पौंड. तरीही नॉकिंग टाळायला पाणी-मिथेनॉल फवारावं लागे. मालक त्याची टाकी भरायला विसरत. मग झडप बूस्ट अडवी आणि गाडी मरगळे. 1963मध्येच गाडी बंद झाली. साबने 1978मध्ये 99 टर्बो विकायला काढली ती कॉम्प्रेशन 7.2:1पर्यंत उतरवून. मगच दहा पौंड दिले, वर वेस्टगेट लावलं.

पिस्टन आणि कॉम्प्रेशन मूळचंच असेल, तर मला पाच-सहा पौंड पुरे वाटतात. तेही इंटरकूलर आणि नीट इंधनपुरवठा असेल तरच. मे महिन्यात हिंगोलीची हवा आधीच तापलेली असते, दाबल्यावर आणखी तापते. वेस्टगेटचा दांडा दोन आटे आवळला की गाडी पळते, हे खरं. पिस्टनला भोक पडायला मात्र औंढ्याकडचा एक चढ पुरतो.