दारावरची पाटी आणि कमरेचं पिस्तूल

मंडळी, गेल्या खेपेस आपण जॉन लॉकपाशी थांबलो होतो. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे नैसर्गिक हक्क, असं हा सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ सांगतो. चोर अंगावर आला आणि कायद्याची मदत मिळायला सवडच नसेल, तर जीव वाचवायला त्याला ठार मारलं तरी चालेल, असंही तो म्हणतो. पुस्तकात हे दोन्ही विचार सुखाने नांदतात. पण कमरेला पिस्तूल लावलेलं गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि मालक म्हणाला, "ते बाहेर ठेवून या," की लॉकचेच दोन चेले समोरासमोर उभे राहतात. हे भांडण अमेरिकेत गेली तीसेक वर्षं चाललंय. आज त्याचाच इतिहास पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती, १७९१ सालची, शस्त्र बाळगण्याचा हक्क देते. पण ती हात बांधते ते सरकारचे, दुकानदाराचे नव्हे. जागा माझी, तेव्हा कुणाला कसं आत घ्यायचं हे मी ठरवणार, हा तिथला जुना नियम. मग बंदूकवाल्यांना एवढा राग का यावा?

त्यासाठी टेक्सासमधल्या किलीन गावी जावं लागेल. १६ ऑक्टोबर १९९१. लुबीज नावाच्या खानावळीत एका माणसाने गाडी काच फोडून आत घातली आणि गोळीबार करून २३ माणसं मारली. सुझाना हप ही बाई आईवडिलांबरोबर तिथे जेवत होती. तिचं पिस्तूल बाहेर गाडीत होतं, कारण ते जवळ बाळगायला तेव्हा राज्याच्या कायद्याचीच मनाई होती. वडील हल्लेखोरावर धावून गेले आणि मारले गेले. आई त्यांना सोडून हलली नाही, तीही गेली. पुढे हप यांनी ठिकठिकाणी साक्षी दिल्या, १९९६ साली त्या राज्याच्या विधिमंडळात निवडूनही आल्या. "शस्त्र गाडीत ठेवून या" हे वाक्य आपल्याला साधं वाटतं. बंदूकवाल्याला ते ऐकताना किलीन आठवतं. हे ध्यानात घेतलं नाही तर पुढचं सगळं नुसतं आडमुठेपणाचं वाटेल.

१९९५ साली टेक्सासने लपवून पिस्तूल बाळगण्याचे परवाने द्यायचं ठरवलं. लगेच दुकानादुकानांवर बंदीच्या पाट्या लागल्या. आणि मग बंदूकवाल्यांनी काय करावं? पाटीलाच हात घातला! १९९७ साली दंडसंहितेत ३०.०६ हे कलम आलं. पाटीवरचा मजकूर कायद्यात दिलाय तस्साच हवा, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही हवा, अक्षरं किमान एक इंच उंच हवीत, रंग उठून दिसायला हवा. तशी नसेल तर त्या पाटीने परवानाधारकावर या कलमाचा गुन्हा लागत नाही. मिनेसोटाने २००३ साली याच्याही पुढे मजल मारली: एरियल टंक, दीड इंच अक्षर, मागचा फलक किमान १८७ चौरस इंच. पुणेरी पाट्यांचं आपण कौतुक करतो, पण टंकाचं नाव कायद्यात घालायचं आपल्याला सुचलं नाही. हसू येतं खरं, पण यातली युक्ती बघा. मालकाचा हक्क कुणी काढून घेतला नाही, फक्त तो बजावणं जिकिरीचं करून ठेवलं.

दुसरं उत्तर पैशाचं होतं. "बंदूक नाही तर पैसाही नाही" अशा मजकुराची कार्डं गल्ल्यावर ठेवून लोक बाहेर पडत. उलटही होई. स्टारबक्स ही कॉफीवाली कंपनी स्थानिक कायदा पाळू, वेगळी बंदी घालणार नाही, असं म्हणत होती. २०१२ साली व्हॅलेंटाइन दिनी बंदूकविरोधकांनी तिच्यावर बहिष्कार पुकारला, तर बंदूकवाले दोन डॉलरच्या नोटा घेऊन कॉफी प्यायला गेले. दोनची नोट म्हणजे दुसरी दुरुस्ती! ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी पुन्हा असा कौतुकदिन केला आणि त्यात न्यूटाउनचंही दुकान धरलं. याच गावच्या शाळेत आठ महिन्यांपूर्वी २० मुलं आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले होते. दुकान त्या दिवशी लवकर बंद करावं लागलं. सप्टेंबरात कंपनीचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी जाहीर पत्र लिहिलं: कृपा करून शस्त्रं आणू नका. बंदी नव्हे, विनंती. बंदी घातली तर सशस्त्र गिऱ्हाइकाला अडवायचं कुणी? कॉफी देणाऱ्या पोरांनी? माझ्या मते हे त्या सगळ्या वादातलं सर्वात शहाणं वाक्य.

बहिष्कार लॉकच्या चौकटीत बसतो: तुझं दुकान, माझा पैसा. तिसरं उत्तर मात्र बसत नाही. ओक्लाहोमातल्या एका कागद गिरणीने २००२ साली वाहनतळावरच्या गाड्या तपासल्या आणि बंदुका सापडल्या म्हणून काही कामगारांना काढून टाकलं. तेव्हा राज्याने कायदाच केला की गाडीत कुलपात ठेवलेल्या बंदुकीला मालकाने मनाई करायची नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, त्यांतल्या कोनोकोफिलिप्सवर नॅशनल रायफल असोसिएशनने २००५ साली बहिष्कार पुकारला, आणि २००९ मध्ये अपील न्यायालयात कंपन्या हरल्या. एरवी सरकारने मालमत्तेत ढवळाढवळ करू नये म्हणणारी ही मंडळी. इथे सरकारलाच मालकाच्या आवारात घेऊन आली.

यावर त्यांचा एक दाखला असतो, तोही ऐका. १९६० साली ग्रीन्सबरोत वूलवर्थच्या दुकानात चार काळे विद्यार्थी जेवणाच्या काउंटरवर बसले, तेव्हाही मालक "जागा माझी" असंच म्हणत होता ना? १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ते मोडून काढलं. मग आम्हीच का बाहेर? दाखला मला पटत नाही. कातडी गाडीत काढून ठेवता येत नाही, पिस्तूल येतं. पण किलीननंतर हप यांच्यापुढे हे बोलताना माझी जीभ जरा जड झाली असती, हेही सांगतो.

आता पाटी उलटी फिरलीय. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. त्यावर हवाईने २०२३ मध्ये नियम केला: मालकाने होकार दिल्याशिवाय दुकानात शस्त्र न्यायचं नाही. पूर्वी पाटी नसली की परवानगी समजत. आता होकार नसला की बंदी. कॅलिफोर्नियानेही जवळजवळ तसंच केलं. बंदूकवाले दोन्हीकडे कोर्टात गेले. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने हवाईचा नियम तूर्त चालू ठेवला आणि कॅलिफोर्नियाचा अडवला. फरक कसला? हवाईत मालक तोंडी किंवा लेखी होकार देऊ शकतो. कॅलिफोर्नियात तो फक्त ठरावीक नमुन्याच्या पाटीनेच द्यावा लागे. पुढे हवाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.