पूर, धरण आणि रिकामी जागा

करमाडचा कोरडवाहू शेतकरी आकाशाकडे पाहतो तो पाण्यासाठीं. त्याला पुराचें भय सांगितलें तर तो हंसेल. परंतु करमाड १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यांत होतें, त्याच राज्याच्या राजधानीवर, हैदराबादेवर, २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसी नदी कोसळली. त्या पुरांत सुमारें १५,००० माणसें दगावलीं, असें मानलें जातें.

पुढें विश्वेश्वरय्या यांनीं शहराच्या वरच्या अंगास जलाशय सुचविले. त्यांतून मुसीवर उस्मानसागर १९२० मध्यें व ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्यें पुरा झाला. त्यामागील तत्त्व साधें होतें : पूर मावावा म्हणून जलाशयांत जागा रिकामी राखावयाची.

साठा हाच हेतु असला म्हणजे हें रिकामेपण नकोसें होतें. पानशेतचें काम अपुरें असतांच तेथें पाणी सांठूं दिलें. १२ जुलै १९६१ रोजीं तें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें फुटलें आणि पुणें बुडालें.

पैठणच्या जायकवाडीचा पाया १९६५ मध्यें लालबहादुर शास्त्री यांनीं घातला. दुष्काळी मराठवाड्याची तहान भागविण्याचा हेतु प्रामाणिकच होता. पण तहानलेल्यास भरलेलाच घडा प्रिय. ऑगस्ट २००६ मध्यें गोदावरीस महापूर आला, तेव्हां दरवाजे उघडावे लागले व पैठणच पाण्यांत गेलें.

धरण पुरापासून राखील, असें कोणी सांगितल्यास नागरिकांनीं एवढेंच विचारावें : पावसाळ्यांत त्याची किती जागा रिकामी राहील, आणि ती भरून टाकल्यास जाब कोण देईल?