दीवचा किल्ला: पोर्तुगिजांनी बांधला, पण जागा दिली गुजरातच्या सुलतानाने

सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, एका अरुंद खाडीपलीकडे दीव हे छोटं बेट आहे. घोघलाचा भाग धरूनही अख्खा दीव जिल्हा जेमतेम ४० चौरस किलोमीटरचा. बेटाच्या पूर्व टोकावर पोर्तुगीज किल्ला उभा आहे. तीन बाजूंना पाणी आणि जमिनीच्या बाजूला कातळात खोदलेला खंदक. आत दीपगृह, बुरूज आणि तटावर ओळीने पडलेल्या तोफा. बहुतेक पर्यटक तोफेजवळ फोटो काढतात आणि परततात. पण हा किल्ला इथे आलाच कसा, हे माहीत असेल तर तो वेगळाच दिसतो.

मलिक अयाजचं बंदर

पोर्तुगीज येण्याआधी दीव हे गुजरात सल्तनतीचं भरभराटीचं बंदर होतं. गुलाम म्हणून आलेला आणि कर्तबगारीवर सुभेदार झालेला मलिक अयाज इथला कारभार पाहायचा. खाडीच्या तोंडाशी समुद्रात बुरूज उभारून त्याने साखळी ओढली होती, म्हणजे शत्रूचं जहाज सरळ आत शिरू नये. १५०९ मध्ये दीवसमोरच्या लढाईत पोर्तुगिजांनी इजिप्तच्या ममलुकांच्या आरमाराचा पराभव केला, तरी दीव त्यांच्या हाती लागलं नाही.

मदतीची किंमत

जे लढून मिळालं नाही, ते पुढे तहाने मिळालं. सुलतान बहादूर शाहवर हुमायूनचं संकट आलं. पोर्तुगिजांशी वैर परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने डिसेंबर १५३४ च्या तहात वसई आणि मुंबईची बेटं त्यांना देऊन टाकली. म्हणजे आपल्या मुंबईचा इतिहासही इथूनच वळला. १५३५ मध्ये मुघल फौजा गुजरातेत घुसल्यावर त्याने दीवमध्ये किल्ला बांधायलाही परवानगी दिली.

हुमायून माघारी फिरला, सुलतानाने राज्य परत मिळवलं. किल्ला मात्र तिथेच राहिला. फेब्रुवारी १५३७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो दा कुन्हाला भेटायला बहादूर शाह त्याच्या जहाजावर गेला. परतताना झालेल्या झटापटीत दीवच्याच समुद्रात तो मारला गेला. दगा कोणी दिला, यावर दोन्ही बाजूंच्या बखरकारांचं आजवर जुळलेलं नाही.

दोन वेढे

१५३८ मध्ये गुजरातचा सरदार ख्वाजा सफर आणि इजिप्तचा उस्मानी सुभेदार सुलेमान पाशा यांनी किल्ल्याला वेढा घातला. महिनोन्‌महिने झुंज चालली, पण उस्मानी आरमार अखेर निघून गेलं. १५४६ मध्ये ख्वाजा सफर पुन्हा आला आणि याच वेढ्यात मारला गेला. सुरतचा किल्ला बांधणारा तो हाच. गोव्याहून जुआंव दे कास्त्रो मोठी कुमक घेऊन आला आणि वेढा मोडला. आज दिसणाऱ्या तटबंदीचा बराच भाग त्यानंतरचा आहे.

या लढायांच्या खुणा दूरवर विखुरल्यात. उस्मानी आरमाराबरोबर आलेली, इजिप्तमध्ये ओतलेली ‘नीलम’ तोफ जुनागढच्या उपरकोटवर आहे. बहादूर शाहसाठी ओतलेली, अरबी लेख असलेली एक तोफ थेट लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात पोहोचली.

पोर्तुगीज सत्ता इथे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकली. त्या वेळी भारतीय नौदलाच्या ‘दिल्ली’ या युद्धनौकेने किल्ल्यावर तोफा डागल्या होत्या.

जायचं कसं, पाहायचं काय

मुंबईहून वेरावळपर्यंत रेल्वे आहे. तिथून रस्त्याने दीव सुमारे ९० किलोमीटर. बेटावर नागवा इथे विमानतळही आहे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. उन्हाळ्यात तटावर सावली मिळत नाही, म्हणून सकाळीच जा आणि पाणी सोबत ठेवा. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, मुलांना तटाच्या कडेला जाऊ देऊ नका.

आधी खंदक नीट पाहा, मग दुहेरी तटबंदी, मग समुद्राकडचे बुरूज. तिथून खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला पाणीकोठा दिसतो. पोर्तुगीज काळात तिथे कैदी ठेवत. मलिक अयाजने साखळी ओढली ती याच खाडीच्या तोंडाशी. बुरुजावरून ती चिंचोळी वाट पाहिली, की दीवसाठी इतकी वर्षं रक्त का सांडलं ते कळतं: बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज या तोफांच्या माऱ्यात होतं.