घणापासून ब्रेकरपर्यंत

बोरघाटातून लोहमार्ग नेण्याचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली घाटातून गाडी धावू लागली. या चढणीवर पंचवीस बोगदे पाडावे लागले, तेही काळ्या कातळातून. साधने होती घण, पहार आणि सुरुंगाची दारू. एकजण पहार कातळावर घट्ट टेकवून धरी, दुसरा तिच्या माथ्यावर घण घाली, आणि प्रत्येक घावानंतर पहिला माणूस पहार थोडी फिरवून घेई. भोक पुरेसे खोल गेले की त्यात दारू ठासून बार उडवायचा. साथींमध्ये आणि अपघातांत हजारो मजूर दगावले. कंत्राटदारांची नावे ग्रंथांत सापडतात, पहार धरणाऱ्यांची सापडत नाहीत.

आज शहरातील अरुंद गल्लीत जलवाहिनीसाठी चर खणताना दोन-तीन टनांचे छोटे खोदयंत्र येते. त्याच्या हाताला बादलीऐवजी ब्रेकर जोडलेला असतो. ही त्या पहारीचीच पुढची पिढी होय. पहार धरण्याचे जे नियम पाथरवटाला हाताने ठाऊक होते, तेच या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पुन्हा लिहिलेले आढळतात. मधल्या शंभर वर्षांत काय घडले ते आधी पाहू.

बोरघाटाचे काम चालू होते त्याच काळात, १८५७ साली, आल्प्स पर्वतात फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या माँ सेनी बोगद्याचा आरंभ झाला. सुमारे बारा किलोमीटर लांबीचा हा बोगदा हाताने खोदायचा तर एक पिढी खर्ची पडली असती. जर्मेन सोमेलिए या अभियंत्याने डोंगरातील पाण्याच्या जोरावर हवा दाबून साठवली, ती नळांतून बोगद्यात नेली आणि १८६१ पासून तिच्यावर चालणारी छिद्रणयंत्रे कातळाला भिडवली. बोगदा १८७१ च्या सप्टेंबरात खुला झाला. सोमेलिए त्याच वर्षीच्या जुलैत वारला होता.

दाबलेल्या हवेवरचा हातोडा पुढे लहान होत होत माणसाच्या हातात आला, आणि एक नवे दुखणे घेऊन आला. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथील चुनखडीच्या खाणकामगारांची तपासणी केली. थंडीच्या सकाळी या कामगारांची बोटे पांढरीफटक पडत व बधिर होत. छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताला हा त्रास अधिक होता. सततच्या कंपनांमुळे बोटांतील रक्तवाहिन्या आकसत होत्या. घण घालणाऱ्याला मिनिटाला वीस-पंचवीस धक्के बसत. हवेच्या हातोड्याने ते हजारांवर नेले होते आणि हात मात्र तोच होता.

तेव्हा हातोडा माणसाच्या हातातून काढून यंत्राच्या हातात देणे ओघानेच आले. त्यासाठी तसा हात असलेले यंत्र हवे होते. फ्रान्समधील पोक्लेन कंपनीने १९५१ साली तेलाच्या दाबावर चालणारे खोदयंत्र बनवले. (आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या खोदयंत्राला ‘पोकलेन’ म्हणतात, ते यावरूनच.) या यंत्राकडे दाबाखालचे तेल आयतेच असते. मग वेगळा हवेचा काँप्रेसर कशाला? जर्मनीतील क्रुप कंपनीने १९६७ च्या हॅनोव्हर जत्रेत खोदयंत्राला जोडायचा हायड्रॉलिक ब्रेकर मांडला. त्याच सुमारास जपानमध्ये छोटी खोदयंत्रे तयार होऊ लागली होती. पुढे दोहोंची जोडी जमली आणि ब्रेकर गल्लीबोळात शिरला.

ब्रेकरच्या पोटात एक पोलादी दट्ट्या असतो. तेल त्याला वर ढकलते, तेव्हा वरच्या बंद कप्प्यातील नायट्रोजन वायू दाबला जातो. झडप फिरली की वायू प्रसरण पावतो आणि दट्ट्या छिन्नीच्या माथ्यावर आदळतो. आता थोडा हिशेब करू. चार किलोग्रॅमचा घण सेकंदाला आठ मीटर वेगाने आदळला, तर गतिज ऊर्जा १२८ ज्यूल भरते. लहान ब्रेकरचा एक ठोका समजा २०० ज्यूलचा असतो. म्हणजे एका घावापुरते पाहिले तर धडधाकट माणूस फारसा मागे नाही! फरक आहे तो संख्येत. सेकंदाला दहा ठोके धरले तर ब्रेकरची शक्ती २००० वॅट होते. मिनिटाला पंचवीस घाव घालणाऱ्याची जेमतेम ५३ वॅट.

हे २००० वॅट फुकट मिळत नाहीत. मिनिटाला ३० लिटर तेल १०० बार दाबाने पुरवले, तर ५००० वॅट आत जातात. उरलेल्या ३००० वॅटची बहुतांश उष्णता होते आणि तेल तापते. म्हणून ब्रेकर निवडताना नुसता ‘किती जोराचा’ हे विचारून भागत नाही. आपल्या यंत्राचा पंप किती तेल किती दाबाने देतो, हे प्रत्यक्ष मोजून पाहावे; जुन्या पंपाचा आकडा पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी निघू शकतो. परतीची नळी बारीक असेल तर तेल अडते, ठोका मंदावतो. वजनाचेही तसेच. जड ब्रेकर घेतला की हात लांबवताच छोटे यंत्र कलंडू पाहते, आणि फार हलका घेतला तर यंत्राचा सगळा भार त्याच्यावर येऊन तो लवकर खिळखिळा होतो. मोठा ब्रेकर घ्यावा, म्हणजे काम लवकर उरकेल, हा समज मला या धंद्यातील सर्वांत खर्चिक समज वाटतो.

आता पाथरवटाच्या नियमांकडे वळू. पहिला नियम : छिन्नी दगडावर टेकलेली असल्याशिवाय घाव घालू नये. दट्ट्या आदळताच छिन्नीतून संपीडनाचा तरंग सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर वेगाने खाली जातो. टोक दगडाला भिडलेले असेल तर ऊर्जा दगडात उतरते. टोक मोकळे असेल तर तोच तरंग ताणाचा तरंग होऊन माघारी फिरतो, आणि पुढे उसळलेली छिन्नी तिला अडवणाऱ्या पिनांवर आदळते. पिना तुटतात, लांब बोल्ट तुटतात. दगड फुटल्यावरही ठोके चालूच ठेवणारा चालक नेमके हेच करत असतो. गंमत अशी की दगड फोडायला हाच ताण उपयोगी पडतो. दगडाची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. म्हणून मोकळ्या कडेपासून आत फोडत जावे.

दुसरा नियम : एकाच जागी ठोकत बसू नये. पंधरा ते तीस सेकंदांत दगड फुटला नाही तर जागा बदलावी. नाहीतर टोक तापून छिन्नीचे पाणी उतरते, मग ती बोथट होते. लोहाराने पाजलेले पाणी उतरू नये याची काळजी पाथरवटालाही घ्यावी लागेच.

ग्रीसचा नियम मात्र नवा आहे. छिन्नी जमिनीवर उभी दाबून धरूनच ग्रीस भरायचे. ती लोंबकळत असेल तर ग्रीस छिन्नी आणि दट्ट्या यांच्या मधल्या पोकळीत शिरते. पुढच्या ठोक्याला दट्ट्या या जवळजवळ न दबणाऱ्या ग्रीसवर आदळतो, दाब सर्व दिशांना पसरतो आणि सील फुटते. पास्कलचा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. वायूच्या नियमांसाठी नायट्रोजनचा कप्पा आहेच : २० अंश सेल्सिअसला १६ बार निरपेक्ष दाब असेल, तर ६० अंशांना तो १८ बारवर जातो. दाब फार वाढला तर तेलाला दट्ट्या वर ढकलता येत नाही आणि ब्रेकर बंद पडतो. तो कमी झाला तर ठोका पोकळ होतो. कप्पा नायट्रोजननेच भरावा. प्राणवायू भरला तर तेलाशी गाठ पडून स्फोट होतो.

चालक आता काचेआड बसतो, त्याच्या बोटांवरचे संकट बरेच टळले. राडारोडा उपसणारी माणसे मात्र छिन्नीजवळच वावरतात, आणि काँक्रीट फुटताना उडणाऱ्या धुळीत वाळूतील सिलिका असते. ती फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉर्ज लेनर याने पोकळ पहारीतून हवा सोडणारे छिद्रणयंत्र केले होते. त्याने धुरळा इतका उडे की खाणकामगार ते वापरायला नाखूष असत. मग त्याने पहारीतून पाणी सोडले आणि धूळ बसली. ब्रेकरच्या टोकावरही तसेच पाणी मारावे लागते. त्यासाठी एक नळी आणि एक माणूस लागतो, आणि खर्च कापायची वेळ आली की आधी तोच कमी केला जातो.