मेणाच्या तबकडीवरचा कारूसो

इटालियन ऑपेरा-गायक एन्रीको कारूसोचं नाव निघालं की जाणकारांत दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं, की असा आवाज शतकातून एखादाच निपजतो, त्याच्या कीर्तीला आणखी कारण शोधायची गरजच काय? दुसऱ्या तटाला वाटतं, सारी किमया ग्रामोफोनची. यंत्र बाजारात आलं तेव्हा हा गडी नेमका समोर होता, इतकंच. दुसरं मत वरवर पटतं, पण ते फार पुढे जात नाही, कारण त्या यंत्रासमोर कारूसो एकटा नव्हता. संगीतकार व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’ या ऑपेराचा १८८७ सालचा पहिला नायक फ्रांचेस्को तामान्यो १९०३ मध्ये कारूसोच्याच ग्रामोफोन कंपनीसाठी गायला. त्याच्या तबकड्यांना त्याच्याच नावाचं खास लेबल लागलं आणि एकेक तबकडी एका पौंडाला विकली गेली. कीर्ती म्हणाल तर तेव्हा ती त्याचीच मोठी होती. पण तामान्योने पन्नाशी ओलांडली होती आणि पुढच्या दोनच वर्षांत तो वारला. गायिका आदेलिना पात्ती पहिल्यांदा यंत्रासमोर उभी राहिली ती १९०५ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. या मंडळींसाठी तबकडी ही मागे ठेवायची आठवण होती. कारूसो एकोणतिसाव्या वर्षी, नाव नुकतंच वर येत असताना गायला आणि मरणाच्या आदल्या वर्षापर्यंत गात राहिला. माझ्या मते त्याच्या कीर्तीचं मर्म इथे आहे. तबकडी हा त्याच्या चालू धंद्याचा भाग होता, निवृत्तीनंतरचं स्मारक नव्हे.

आवाज हाच सर्वस्व मानणाऱ्यांनी त्याची सुरुवातीची वर्षं पाहावीत. १८७३ साली नेपल्समधल्या एका कामगाराच्या घरी जन्मलेल्या या मुलाचा आवाज तयार होऊन आलेला नव्हता. उंच स्वरांवर तो फुटायचा, आणि गुरू ग्विल्येल्मो व्हेर्जिनेला तो फारच बारीक वाटायचा. तरी गुरू हिशेबात पक्का होता. पाच वर्षांच्या कमाईतला चौथा हिस्सा आपला, असा करार त्याने शिष्याकडून लिहून घेतला आणि ती पाच वर्षं प्रत्यक्ष गायलेल्या दिवसांनी मोजायची अशी मेख मारून ठेवली. त्या मोजणीने शिष्य उभ्या जन्मात मोकळा झाला नसता. प्रकरण कोर्टात गेलं. पुढेही ‘ला बोएम’ या ऑपेरातलं नायकाचं प्रसिद्ध गाणं तो अर्धा स्वर खाली उतरवून गायचा. १८९५ सालचं पदार्पण ते डिसेंबर १९०० मधला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाचा रंगमंच, हा पल्ला मेहनतीचा आहे, दैवी देणगीच्या गोष्टीत बसणारा नाही.

मग ११ एप्रिल १९०२. मिलानच्या ग्रँड हॉटेलात, जिथे सव्वा वर्षापूर्वी व्हेर्दीने प्राण सोडला होता, ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेस्बर्गने एका खोलीत यंत्र मांडलं. मायक्रोफोन ही चीज तेव्हा नव्हतीच. समोर धातूचा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाशी कंप पावणारा पडदा, त्याला जोडलेली सुई आणि तिच्याखाली फिरणारी मेणाची चकती. गायकाच्या फुफ्फुसातला जोर हीच काय ती वीज. पियानोचा आवाज कर्ण्यात शिरावा म्हणून तो खोक्यांवर चढवलेला. कारूसोने एका दुपारी दहा गाणी दिली आणि शंभर पौंड घेतले. ही रक्कम अवाच्या सवा आहे, रेकॉर्डिंग करू नका, अशी तार लंडनहून आली होती, असं गेस्बर्गने पुढे आठवणींत लिहिलं. ती तार कुणाला सापडलेली नाही, तेव्हा गोष्टीला मीठमिरची लागलेली असू शकते. मला महत्त्वाची वाटते ती गाण्यांची निवड. त्यांत फ्रांकेत्तीच्या ‘जेर्मानिया’मधली दोन गाणी होती. हा ऑपेरा ला स्कालात पहिल्यांदा उभा राहून जेमतेम महिना झाला होता आणि नायक कारूसोच होता. म्हणजे गाजत असलेला प्रयोग ताजाताजा तबकडीवर उतरला. पुढच्याच महिन्यात कारूसो लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात पहिल्यांदा उभा राहिला.

यावर तांत्रिक आक्षेप येतो आणि तो डावलण्यासारखा नाही. त्या कर्ण्याला ना खर्जातले स्वर नीट पकडता येत, ना वरचे बारीक कंप. स्त्रियांचा उंच आवाज त्यात पातळ होई, तंतुवाद्यं तर हरवूनच जात. पुरुषाच्या उंच पट्टीतला, म्हणजे टेनरचा, आवाज मात्र बरा उतरे. शिवाय ऑपेरातलं गाणं मुळातच तीन-चार मिनिटांचं, तबकडीच्या मापात बसणारं. आपल्याकडच्या गवयांना तासाभराचा ख्याल त्याच मापात कोंबावा लागला, ती अडचण इटालियन गायकांना कधी आलीच नाही. हे सगळं मान्य. पण ही सोय झाली ती सगळ्याच टेनरांची. फेर्नान्दो दे लुचिया हाही नेपल्सचाच. नजाकतीत कदाचित कारूसोपेक्षा सरस, आणि त्यानेही त्याच वर्षी तबकड्या द्यायला सुरुवात केली. त्याच्या गळ्यातला जलद कंप मात्र कर्ण्यातून ऐकताना खुपतो. कारूसोचा सूर सरळ आणि भरीव, त्याला बॅरिटोनसारखी, म्हणजे टेनरहून खालच्या पट्टीतल्या आवाजासारखी, गडद किनार. यंत्राने निवड केली ती टेनरांमधल्या एका विशिष्ट गायकीची, असं म्हणणं अधिक बरोबर ठरेल. आणि वेळेचा योग किती निष्ठुर असतो ते पाहायला इटलीतच थांबायचं कारण नाही. गेस्बर्ग त्याच १९०२ च्या अखेरीस कलकत्त्याला येऊन गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित करून गेला. मराठी रंगभूमी गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच गेले होते. त्यांच्या आवाजाचा एक सूरही उरलेला नाही.

कारूसोची गायकी एका जागी थांबली नाही आणि ते पडताळून पाहायची सोयही तबकड्यांनीच करून ठेवली आहे. ‘पाल्याच्ची’ या ऑपेरातलं विदूषकाचं विलापगीत त्याने १९०२, १९०४ आणि १९०७ असं तीनदा दिलं. पहिल्या दोन्हींत साथीला पियानो आहे, तिसऱ्यात वाद्यवृंद. पहिल्यातला आवाज तरुण आणि हलका. तिसऱ्यात तोच गळा जड झालेला आहे. हुंदका आता नुसता दाखवलेला वाटत नाही, सुरातूनच उठतो. धंद्याच्या दृष्टीने पाहिलं तर एकच माल तीनदा खपला. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने एका माणसाचा आवाज पिकताना ऐकायला मिळाला, आणि हे त्याआधी कुठल्याही गायकाच्या बाबतीत घडलेलं नव्हतं.

राहिला जाहिरातबाजीचा आरोप. अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने त्याच्यावर पैसा ओतला हे खरं, पण ती इतरांवरही ओतत होती. फरक पडला तो त्याच्या मागे उभ्या असलेल्या रंगमंचामुळे. १९०३ पासून अठरा हंगाम तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये गायला, तिथले त्याचे प्रयोग आठशेंच्या वर जातात. तबकडी ऐकून माणूस तिकीट काढायचा, प्रयोग पाहून तबकडी घ्यायचा. याच्या उलट नेपल्स. डिसेंबर १९०१ मध्ये सान कार्लो नाट्यगृहात गावकऱ्यांनी त्याचं स्वागत थंडपणे केलं. स्थानिक रसिकांच्या टोळक्यांची मर्जी सांभाळणं तिथे सक्तीचं होतं आणि ते त्याने केलं नव्हतं. त्याने पुन्हा त्या गावात गायचं नाही असं ठरवलं आणि शब्द पाळला. गंमत अशी, की नेपल्सच्या बोलीतली गाणी त्याच माणसाच्या गळ्यातून जगभर गेली, आणि अमेरिकेत मजुरीला गेलेल्या दक्षिण इटालियनांच्या घरांत ती वाजली. त्यांतलं ‘कोरे न्ग्रातो’ तर न्यूयॉर्कमध्येच रचलेलं. नाट्यगृहाचं दार ज्यांना कधी परवडलं नसतं, असा श्रोतृवर्ग सान कार्लोच्या टोळक्यांच्या हिशेबात कधी नव्हताच.

सप्टेंबर १९२० मध्ये त्याने अमेरिकेतल्या कॅम्डेनमध्ये शेवटच्या तबकड्या दिल्या. डिसेंबरात ब्रुकलिनच्या प्रयोगात तोंडातून रक्त येत असतानाही तो काही वेळ गात राहिला आणि नाताळच्या आदल्या रात्री ‘ला ज्यूईव्ह’ या ऑपेरातला म्हातारा एलेआझार साकारून कायमचा रंगमंचावरून उतरला. फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आली होती, शस्त्रक्रिया झाल्या, आणि २ ऑगस्ट १९२१ रोजी नेपल्समध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला. चार वर्षांनी विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि कर्ण्याचा जमाना संपला. तामान्यो, पात्ती यांच्या तबकड्या संग्राहकांच्या कपाटांत गेल्या. कारूसोच्या बाबतीत व्हिक्टर कंपनीने १९३२ मध्ये वेगळाच उद्योग केला. जुन्या मुद्रणातली पिचकी साथ जमेल तितकी दाबून त्याच्या आवाजावर नवा वाद्यवृंद वाजवून घेतला आणि त्या तबकड्या नव्याने विक्रीला काढल्या.